छेदात नसलेलं मूल

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख काढला आणि त्यावर फार खूश झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावच्या अंगणवाडीचे मासिक प्रगती अहवाल मला वाचायला मिळाले होते. कमी वजनाच्या मुलांची टक्केवारी महिन्यागणिक मांडली, तर रेघ दिवाळीनंतर खाली जायची आणि एप्रिल-मेमध्ये परत वर चढायची. मी लगेच अर्धं पान लिहून टाकलं: खरीप निघतो, सोयाबीनचे पैसे हातात येतात, मुलांच्या पोटात चार घास जास्त जातात, उन्हाळ्यात हात रिकामे होतात आणि वजन घटतं. वाचायला छान वाटत होतं.

गाइड मॅडमनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "छेद बघितलास का?"

मी संख्याशास्त्रात एमएस्सी केलेली, आणि छेद बघितला नव्हता! परत अहवाल उघडले. डिसेंबरमध्ये वजन घेतलेल्या मुलांची संख्याच कमी होती. मुलं सुधारली नव्हती, ती गावात नव्हती. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती.

आजची पोस्ट त्या छेदाबद्दल आहे. मुलांच्या पोटाची, शाळेची, सांभाळाची जबाबदारी सरकारवर कधी आणि कशी आली, आणि ती येताना कुठलं मूल हिशेबाबाहेर राहिलं, हा इतिहास मी धाराशिवपुरता सांगणार आहे. पेट-नेटची तयारी करणाऱ्यांनी जरा सावकाश वाचा. संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो, हेही यात आहे.

आधी जिल्हाच नीट मोजू

धाराशिववर काम करायचं तर पहिली अडचण जिल्ह्याचीच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. म्हणजे एकाच गावाचे जुने कागद हैदराबादला उर्दूत आणि नंतरचे मुंबईला मराठी-इंग्रजीत.

दुसरी अडचण त्याहून फसवी. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी 'उस्मानाबाद जिल्हा' म्हणून जो आकडा दिसतो त्यात लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे सगळं धरलेलं असतं. १९८१ ची आणि १९९१ ची जनगणना शेजारी ठेवून "लोकसंख्या घटली" असं लिहाल तर हसं होईल. २०२३ मध्ये नाव बदललं, त्यामुळे ऑनलाइन शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात. आकडा दिसला की तो कशातला आहे, हे आधी विचारायचं. ही सवय पुढे कामी येणार आहे.

दुष्काळी कामावरचं 'आश्रित' मूल

आपल्याकडे सरकारने गरीब मुलाकडे पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा दुष्काळात. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी मुलखात फॅमिन कोड आले. त्यांचा साचा सोपा होता: ज्याच्या अंगात बळ आहे त्याला काम, ज्याच्यात नाही त्याला फुकट मदत. मजुराच्या लहान मुलांची नोंद व्हायची ती 'आश्रित' म्हणून. म्हणजे सरकारच्या वहीत मूल होतं, पण स्वतःच्या नावाने नाही. बाप किंवा आई कामावर, म्हणून मूल वहीत.

इंग्रजी मुलखात १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालक कायदाही आला. निराधार आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी तो होता. तो सोलापुरात लागू, पण सोलापूरपासून एका दिवसाच्या बैलगाडीवर असलेल्या तुळजापुरात नाही, कारण तुळजापूर निजामाकडे. मुलाला संरक्षण आहे की नाही, हे सरहद्दीवर ठरायचं. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

१९५० ला राज्यघटना आली. कलम ३९ ने मुलांचं कोवळं वय नागवलं जाऊ नये म्हटलं, कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचं, कलम ४७ ने पोषणाचं. पण ही सगळी मार्गदर्शक तत्त्वं. राज्याने करावं, न केलं तर कोर्टात जाता येत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ. आमच्या आजीच्या तोंडून हा शब्द वर्ष म्हणून नाही, माणूस म्हणून यायचा: "बहात्तर आला तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता." खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खायला परदेशातून आलेली लाल मिलो आणि मुलांना सुकडी. सुकडीची चव आजीला शेवटपर्यंत आठवायची. ती सांगायची, पोरगं कडेवर घेऊन कामावर जायचं, झाडाखाली झोळी बांधायची आणि सुट्टीत पाजायचं.

या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची मांडणी आधीच केली होती. १९७५ मध्ये तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा कायद्याने दिलेला हक्क. जगात असं फार कमी ठिकाणी झालं होतं. पण नीट वाचा: हक्क प्रौढ माणसाला. मूल इथेही आईच्या मागून येतं.

तरी यात एक मोलाची गोष्ट होती. मूल आईच्या मागून येत होतं, पण सरकारही तिच्या मागून कामापर्यंत येत होतं. हाच धागा २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. जिथे आई, तिथे मुलाची सोय.

अंगणवाडी: मुलाचं स्वतःचं रजिस्टर

१९७४ मध्ये देशाचं पहिलं बालक धोरण आलं, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात फक्त ३३ प्रकल्पांत सुरू झाली. हीच आपली अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आयांना आरोग्य-आहाराची माहिती, अशा सहा सेवा एका छताखाली.

इतिहास म्हणून मला यात महत्त्वाचं वाटतं ते रजिस्टर. पहिल्यांदा गरीब मुलाची नोंद कोणाचं तरी आश्रित म्हणून न होता त्याच्या स्वतःच्या नावाने झाली. त्याचं वजन, त्याचं वय, त्याचा आहार.

पण जबाबदारीची वाटणी बघा. योजना केंद्राची, विभाग राज्याचा, ग्रामीण भागात यंत्रणा जिल्हा परिषदेच्या हाताखाली, आणि प्रत्यक्ष काम करणारी ताई मानधनावर. पगार नाही, मानधन. चौघांची जबाबदारी असली की काही बिघडल्यावर प्रश्न सगळ्यात खालच्या माणसाला विचारला जातो.

संशोधकांसाठी इथे आणखी एक खड्डा. सुरुवातीची कितीतरी वर्षं मुलांची वर्गवारी पहिली ते चौथी श्रेणी अशी व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानकं काढली आणि नंतर आपणही ती घेतली. मोजपट्टीच बदलली. त्यामुळे २००५ चे आणि २०१२ चे अंगणवाडीचे आकडे एका रेघेत जोडता येत नाहीत.

भूकंपानंतरची मुलं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरमधली गावं आणि आपल्याकडे सास्तूरसह उमरगा-लोहारा भागातली गावं जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, आणि त्याचा मुख्य हिशेब घरांचा होता: किती पडली, किती बांधली.

पोरक्या झालेल्या मुलांचा भार मात्र मोठ्या प्रमाणावर संस्थांनी उचलला. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी 'आपलं घर' उभं केलं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. हे काम मोठंच होतं. पण इतिहास लिहिताना कौतुकाच्या पुढे जाऊन विचारायला हवं: संस्था पोचली नसती तर त्या मुलाला कोणत्या दारावर जाऊन हक्काने उभं राहता आलं असतं?

योजनेचा हक्क झाला

या प्रश्नाचं निदान आहारापुरतं उत्तर सुप्रीम कोर्टातून आलं. २००१ साली पीयूसीएल या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात कोर्टाने प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी आणि प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण हवं, असं सांगितलं. १३ डिसेंबर २००६ ला आणखी पुढे जाऊन म्हटलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागितल्यावर तीन महिन्यांत ती द्यायची. शेवटी २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला वयानुसार मोफत आहार हा कायदेशीर हक्क दिला. दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. २०१७ मध्ये त्यासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरले.

राज्यानेही हालचाल केली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, तेही मुंबईत नाही, औरंगाबादला. असं मिशन काढणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. २०१२ च्या खास सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या खुजेपणात मोठी घट दिसली.

म्हणजे फॅमिन कोडातलं आश्रित मूल सव्वाशे-दीडशे वर्षांत हक्कदार झालं. इथे निबंध संपवता आला असता. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. हक्क आला, आकडा जागेवरून हलला नाही. याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक धाराशिवमध्ये डोळ्यांनी दिसतं.

'स्थानिक' हा एक शब्द

अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५ उघडा. मुलाला आहार कोणामार्फत मिळणार? 'स्थानिक अंगणवाडी'मार्फत. साधा, निरुपद्रवी शब्द. पण धाराशिवमधलं दारिद्र्य स्थानिक राहत नाही. ते दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतं.

कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची गावं आणि तांडे पाहिले आहेत का तुम्ही नोव्हेंबरात? म्हातारी माणसं आणि कुलपं. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला नवराबायकोचा एक कोयता मार्च-एप्रिलपर्यंत फडात. राहायला कोपी. सहा वर्षांवरची मुलं गावी ठेवायची म्हटली तर हंगामी वसतिगृहाची सोय निघाली. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, हंगामापुरती. २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ही चांगलीच गोष्ट. पण हे सगळं शाळेच्या वयाचं. दोन वर्षांचं पोर कोणत्या वसतिगृहात ठेवणार? ते आईबरोबरच जाणार.

आणि आई जिथे जाते तिथे कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं होतं. १९५१ च्या मळे कामगार कायद्यात चहा-कॉफी-रबराच्या मळ्यांवर पाळणाघराची तरतूद होती. आता साखर कारखान्याचं फाटक डोळ्यांसमोर आणा. फाटकाच्या आत काम करणारी बाई कारखान्याची कामगार. फाटकाबाहेर, त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारी बाई मुकादमाची माणूस. आणि ऊस हा त्या कायद्यातला 'मळा' नाही. दुष्काळी कामावर सरकार आईच्या मागे गेलं होतं. उसाच्या फडापर्यंत कोणीच गेलं नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. पण मूल पटावर इथल्या शाळेत, आणि उभं तिथल्या फडात. तिथलं म्हणतं, ते आमचं नाही. इथलं म्हणतं, ते इथे नाही. १९२४ मध्ये सोलापूर-तुळजापूरच्या मधल्या सरहद्दीने जे केलं, तेच आज दोन जिल्हा परिषदांमधली हद्द करते. फरक एवढाच, की आज दोन्हीकडे कायदा एकच आहे.

एक छोटा हिशेब

आता माझ्या चुकीच्या आलेखाकडे येऊ. समजा (हे आकडे फक्त उदाहरणासाठी), एका अंगणवाडीच्या पटावर ६० मुलं आहेत. त्यातली ११ कमी वजनाची, म्हणजे १८ टक्के. नोव्हेंबरात १८ मुलं ऊसतोडीला गेली आणि त्यांत कमी वजनाची ६ होती. गरिबातली गरीब घरंच जातात, त्यामुळे हे अशक्य नाही. डिसेंबरात वजन झालं ४२ मुलांचं, कमी वजनाची ५, म्हणजे १२ टक्के. कुपोषण एक तृतीयांशाने कमी! कोणाला एक घास जास्त मिळाला नाही.

एप्रिलमध्ये ती १८ मुलं परत येतात, पाच-सहा महिने कोपीत काढून. टक्केवारी पुन्हा १८ किंवा त्याहून वर. बैठकीत विचारणा होते, "ताई, तुमच्याकडे कुपोषण का वाढलं?" ज्या महिन्यांत मूल तिच्याजवळ नव्हतं, त्या महिन्यांचा जाब तिला द्यावा लागतो. ज्यांच्या फडात मूल होतं, त्यांच्या अहवालात ते कधी आलंच नाही.

म्हणून मी म्हणते, सरकारची जबाबदारी कायद्यात वाचायची आणि छेदात तपासायची. कायदा सांगतो कोणाला हक्क आहे. छेद सांगतो सरकारने प्रत्यक्षात कोणाला आपलं मानलं.

यावर काम सुरू झालंय, हेही सांगायला हवं. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आहे. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी वेगळी प्रणालीही आणली. पण ॲपमध्ये मूल 'स्थलांतरित' असं टिपलं गेलं म्हणजे त्याला फडात जेवण मिळालं असं होत नाही. नोंद आणि सेवा यातलं अंतर मोजणं, हे आपलं काम.

तुम्ही काय करू शकता

तुमचा विषय बालपोषण नसेल तरी चालेल. तीन सवयी लावून घ्या. एक, कुठलीही टक्केवारी आली की अंश आणि छेद वेगवेगळ्या ओळीत लिहा, आणि छेद महिन्यागणिक किंवा वर्षागणिक का बदलतो याचं कारण शोधा. दोन, कायदा मुळातून वाचा आणि त्यातला जागेचा शब्द अधोरेखित करा: 'स्थानिक', 'रहिवासी', 'कार्यक्षेत्र'. वगळलेली माणसं बहुतेक वेळा तिथूनच वगळलेली असतात. तीन, आकडा ज्याने भरला त्या माणसाशी बोला. मला छेद मॅडमनी दाखवला, पण तो समजावला अंगणवाडीच्या ताईंनी. मी विचारलं, "ही मुलं रजिस्टरमध्ये आहेत, पण वजन नाही, असं का?" त्या म्हणाल्या, "असं कसं वजन घेऊ? पोरगं पश्चिम महाराष्ट्रात, काटा माझ्याकडे."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. प्रबंधाचं शीर्षक बदललं, प्रकरणं बदलली, वाक्य तेच आहे.

पुढच्या पोस्टमध्ये जिल्हा जनगणना पुस्तिका कशी वाचायची ते बघू. तोवर तुमच्याकडचा एखादा जुना आलेख काढा आणि त्याच्या छेदाकडे एकदा बघा. काही सापडलं तर खाली नक्की लिहा.